दाबू नको, आधी सांग

“दाबू नको बाप्पा. आधी सांग, किती येईन?”

असं म्हणून ताई कोपर टेबलावर टेकवायच्या आणि हात कोनासारखा उचलायच्या. त्यावरून उत्तराचा अंदाज केल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. मग घराला कुलूप लावलं की नाही, म्हणून नवऱ्याला फोन. तुमच्याही ऑफिसात असं एक काळजीखोर माणूस असेलच.

यवतमाळच्या वनखात्याच्या ऑफिसात ताई आणि मी, आम्ही दोघं सागवानाची उंची काढायचो. मारेगावकडच्या आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे सांगताना मी आवाज कमी करत नाही. झाडापासूनचं अंतर घ्यायचं, शेंड्याचा कोन घ्यायचा आणि कोनाच्या ‘टॅन’ला अंतरानं गुणायचं. पण कॉम्प्युटरवरच्या ‘आर’ या प्रोग्रामला अंश कळत नाहीत, कोन रेडियन या दुसऱ्या मापात बदलून द्यावा लागतो. ते राहून जाईल, याची ताईंना कायम धास्ती.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पांढरकवड्याच्या झाडांचा अहवाल द्यायचा होता. ताईंची कंत्राटाची मुदत वाढणार की नाही, ते त्यावर ठरणार होतं. सकाळपासून त्यांनी डबा उघडला नव्हता.

पहिलं झाड वीस मीटरवर, कोन पंचेचाळीस. ताईंचा हात वर गेला. “वीस यायले पाह्यजे.”

मी एंटर दाबलं. आलं शून्य पूर्णांक सत्तावीस मीटर.

“वीतभर सागवान?” ताई स्क्रीनवर वाकल्या. “काहून रे असं? मी तं रेडियन केले होते!”

“ताई, मी बी केलते.”

दोघांनी मिळून ओळी वरपासून वाचल्या. मी फाइल वाचतानाच कोन बदलून ठेवले होते. ताईंनी उंचीच्या सूत्रात पुन्हा बदलून आणखी लहान केले होते. दोघांनीही दुसऱ्याला न सांगता, राहून जाऊ नये म्हणून.

ताई हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले. “दोघाईच्या काळजीनं झाड खाल्लं रे!”

मग म्हणाल्या, “आजपासून रेडियनची ओळ माही. तू हात लावू नको.”

मी माझी ओळ पुसली. वीस आलं. अहवाल वेळेत गेला, मुदतही वाढली.

पुढं ताईंना महागावला शाळेत नोकरी लागली आणि त्या गेल्या. आता ती ओळ मीच लिहितो. लिहून झाली की कोपर टेबलावर टेकवतो, हात उचलतो, आणि बाजूच्या खुर्चीतल्या नव्या मुलीला विचारतो,

“तू तं नाही ना बदललं?”