मिठाचा आळ

सासूबाईंचे पाय सुजायला लागले, गोळी घेऊनही बीपी उतरेना, तेव्हा दोष माझ्यावर आला. "हिचा हात मिठाला सैल हाय," त्या शेजारणींना सांगायच्या. मी वरणातलं मीठ जवळजवळ बंद केलं. घर अळणी जेवलं. पाय तसेच.

मी चिकलठाण्याला काढ्यांच्या कारखान्यात मुळ्या निवडते. ज्येष्ठमधाची पोती फोडली की दिवसभर ओठ गोड लागतात. एकदा तपासणी खोलीतल्या मॅडमनं मला मुळी चघळताना पाहिलं. "रोज नको खाऊस," त्या म्हणाल्या. "हिच्यातल्या गोडव्याला ग्लायसिरायझिन म्हणतात. फार दिवस, फार पोटात गेलं की अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. बीपी चढतं, पाय सुजतात."

माझे हात थांबले. सासूबाई खोकल्यासाठी कित्येक महिने रोज तेच पाण्यात उकळून घेत होत्या.

डॉक्टरांनी त्यांना विचारलंही होतं, "ज्येष्ठमध वगैरे घेता का?" त्या म्हणाल्या, "नाय, मध मला सोसत नाय." आमच्या गल्लीत त्याला मुलेठी म्हणतात. दोन्ही एकच, हे मला ठाऊक होतं. पण परक्या माणसासमोर माझा आवाजच फुटत नाही. दाराशी पदर धरून मी गप्प उभी राहिले. ते आजही खुपतं.

मॅडमकडून त्या गोडव्याचं नाव कागदावर घेतलं. चौथीतली जोडाक्षरं कामाला आली. भाकरी थापताना घोकलं.

घरी सांगितलं तर नवरा हसला. "चौथी शिकून डॉक्टरीण झालीस व्हय?"

"डॉक्टरीण नाय. पण ही मुळी रोज माझ्या हातातून जाते. उद्या मी संगं येणार."

मुलेठीची पिशवी मी कमरेला खोचली, ती दवाखान्यातच काढली. ते नाव अडखळत, पण पूर्ण म्हटलं. डॉक्टरांनी पिशवी हुंगली, रक्त तपासायला लावलं आणि मुलेठी त्या दिवसापासून बंद केली.

काही आठवड्यांनी सासूबाईंच्या पायात पुन्हा जोडवी बसली. जेवताना म्हणाल्या, "सूनबाई, वरणात थोडं मीठ घाल की."

"थोडंच मिळंल. पण हात माझा सैल नव्हता, ते आधी म्हणा."

मी मिठाची वाटी हातात धरून उभी राहिले. नवरा ताटात बघत होता.

"नव्हता," त्या म्हणाल्या.

मी चिमूटभर मीठ घातलं.