गिरणीच्या पट्ट्यात गेलेला हातमोजा

सुनेचा उजवा हात पट्ट्याबरोबर चाकाकडे निघाला होता आणि मी इंजिनच्या दुसऱ्या बाजूला होते. बंद करायची दांडी माझ्याजवळ होती, ती मी ओढली. पण भातगिरणीचं डिझेल इंजिन दांडी ओढल्याबरोबर थांबत नाही. जड चाक काही वेळ फिरतंच. एक पाय चौथऱ्याला लावून सून मागे रेटा देत होती. हातमोज्याची बोटं पट्ट्याने धरली होती.

गिरणी आमची आहे, सिद्धगडाच्या पायथ्याशी. लाइट गेली की इंजिनवर चालते, आणि लाइट जातेच. आधी मी चालवायचे, आता सून चालवते. मुलगा नोकरीला जातो, त्याला डिझेलचा वास सोसत नाही. सुनेला वास सोसतो, पण डिझेलने तिच्या हातांची सालं निघायची. पीठ मळताना मीठ लागलं की तोंड वाकडं व्हायचं. मी म्हटलं, गिरणी बंद करू. ती म्हणाली, "गिरणी नाय बंद करायची. हातांचं काय ते बघा."

मग आम्ही हातांचं बघायला लागलो. खरं सांगते, साडी निवडतानाही मला एवढी मजा आली नव्हती. आधी ढोरांच्या डॉक्टरकडून खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे मोजे मागून आणले. पहिल्याच नटाला फाटले. शहापूरहून आणलेले पांढरे रबरी मोजे डिझेल लागून फुगले आणि बोटांवरून गळायला लागले. मुलाने जाड सुती आणले. ते डिझेल प्यायले आणि सुनेचे हात दिवसभर त्यातच भिजले.

शेवटी दोघी मुरबाडला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बाटलीत डिझेल घेऊन गेलो होतो. दुकानदाराने चार तऱ्हेचे मोजे मांडले. मी एक तोंडाला लावून फुगवला.

"आजी, फुगा नाय तो."

"मला वाढदिवस नाय करायचा, इंजिन खोलायचंय. हवा कुठून जाते ते बघते."

दुसऱ्यात मी डिझेल ओतून तो टांगून धरला. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. सून म्हणाली, "आई, पुरे झालं, लोक हसतायत."

"हसू दे. सालं तुझी निघतात, त्यांची नाय."

काळा, जाडसर, तळव्यावर खरखरीत दाणे असलेला मोजा टिकला. थेंबही गळला नाही. तेलकट नट त्यात असा धरला गेला की सुनेने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. दुकानदार म्हणाला, "हा नायट्राइल रबराचा. मजबूत आहे, पण वापरला की टाकायचा." आम्ही खोकं घेतलं. घरी आल्या आल्या डिझेलचा फिल्टर खोलला, काही बिघडलं नव्हतं तरी.

पण टाकायचं सुनेला जमेना. संध्याकाळी ती मोजे साबणाने धुवायची आणि चिमटे लावून दोरीवर घालायची. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "आज कुणाचे हात तोडले गो?" मी म्हणायचे, धुतलेला मोजा नरम पडतो, फेक. सून म्हणायची, "अजून एक दिवस जाईल, आई."

त्या दुपारी तिने तसलाच मोजा घातला होता, कितीदा धुतलेला कोण जाणे. पट्ट्याखाली कोंडा साचला होता. तो इंजिन बंद करून झाडूने काढायचा असतो. तिने चालू इंजिनवर हाताने लोटला.

चाक फिरत राहिलं, मोजा ताणला गेला आणि मधल्या बोटाजवळ टर्रकन फाटला. सून पाठीवर कोंड्यात पडली. काळी चिंधी पट्ट्याबरोबर दोनदा फिरून गेली आणि मग इंजिन थांबलं.

मी तिला उठवून आधी पाठीत एक धपाटा घातला, मग बोटं बघितली. मधल्या बोटाचं नख गेलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी.

"नवीन असता तर?" तिने विचारलं.

"लवकर फाटला नसता. हात चाकापर्यंत गेला असता."

आता ती मोजे एकदा वापरून टाकते. आणि चालू पट्ट्याजवळ नवा मोजा नाही, जुना नाही, उघडा हातही नाही.

तेव्हा गिरणीत आम्ही दोघीच होतो. सून जिवंत आहे, दहाही बोटांसकट. मीही आहे, दांडीजवळच.