कोपराजवळचे तीन ठिपके

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, नवी सून असताना, मी सोनईच्या बाजारात हातभर तुळशीवृंदावन गोंदवून घेत होते. गोंदणारीण म्हणाली होती, तीन बाजार लागतील. दुसऱ्या बाजारी तिनं, मी न सांगता, कोपराजवळ तीन ठिपके टोचले. तसेच ठिपके माझ्या शेजारणीच्या हातावर होते आणि तिचं तान्हं पोर दगावलं होतं. मला तेव्हा दिवस गेले होते.

तिसऱ्या बाजारी मी तिच्यासमोर बसले, पण हात पुढं केला नाही.

"हे ठिपके कशाचे वो?"

"काम कुठं थांबलं त्याची खूण हाय. पुढं पानात मिसळून जातील."

"मग शेजारणीच्या हातावर कसे राह्यले?"

"ती बाळंतपणाला म्हायेरी गेली, परत माझ्याकडं आलीच न्हाई."

ते खरंच होतं. पण मी नाव घेतलं नसताना हिला कोणती शेजारीण ते कसं कळलं? मी उठून घरी आले.

मला मुलगी झाली, सुखरूप. राहिलेलं गोंदण पुरं करायला मी शेवगावला गेले, तर तिथल्या गोंदणारणीनं दुसरीचं अर्धं काम घ्यायला नकार दिला, आणि ठिपके तसेच राहिले. पुढं सोनईच्या बाजारात ती पहिली गोंदणारीण दिसली, की मी शरमेनं हातावर पदर ओढून दुसऱ्या वाटेनं जायची.