पुढच्या शाफ्टचा क्रॉस

हे मी अजून कोणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मामीजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे मामीलाच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मामाला ओळखत नव्हतात, म्हणून असेल.

शहाडला आमचं गॅरेज आहे. मामाचं — म्हणजे आता माझं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचं काम. बाबा गेल्यावर मामानेच मला वाढवलं, हातात पाना त्यानेच दिला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो गाडीच्या लोखंडाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचा आणि सांगायचा, आवाज नेमका कुठला. घोडबंदर रोडवरून लोक एवढ्या ट्रॅफिकमधून त्या कानासाठी यायचे.

पुढे पुढे त्याला माणसांचं बोलणं कमी ऐकू यायला लागलेलं. लोखंडाचं मात्र — थांबा, नीट सांगतो.

सहा वर्षांपूर्वी एक जीप आलेली. चारही चाकांवर टाकली की पोटाखालून गुरगुर, दोनावर आणली की गप्प. मामाने नेहमीसारखं ऐकलं. म्हणाला, "पुढच्या शाफ्टचा क्रॉस गेलाय. बाकी कशाला हात लावू नको." शाफ्ट म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा, क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. मी हलवून बघितला — घट्ट. मी तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काढून परत आलेलो, अंगात मस्ती होती. माझ्या मते आवाज ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा. आणि मी गाडीच्या मालकासमोर म्हणालो, "सर, मामाला आता नीट ऐकू येत नाही."

हे मात्र त्याला नीट ऐकू गेलं.

दोन दिवस तो डबा उघडून बसलेलो. आत काहीच नाही. सगळं नव्यासारखं. तिसऱ्या दिवशी मामा-मामी लग्नाला गेलेले. मी एकट्याने शाफ्ट उतरवला, क्रॉस खोलला. क्रॉसच्या चार टोकांना बेअरिंगच्या छोट्या वाट्या असतात; त्यातल्या एका वाटीतल्या बारीक सुयांची गंजून पूड झालेली, विटेच्या भुकटीसारखी. नवा क्रॉस टाकला. गुरगुर गेली. मग — हे सांगताना लाज वाटते — नवा दिसू नये म्हणून मी त्याला जुनं काळं ग्रीस फासलं.

दुसऱ्या दिवशी मामा जीप फिरवून आला.

"डब्यातच होतं?"

"हो. बेअरिंग."

"बघू."

तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का? एका वाक्याचं तर काम. भंगारात दुसऱ्या गाडीचं, जवळपास त्याच मापाचं खराब बेअरिंग पडलेलं. मी ते त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते कानाशी धरून फिरवलं. किती वेळ. मग एवढंच म्हणाला, "मला तर क्रॉसच ऐकू आलेला रे."

त्यानंतर त्याने कानाला स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवायचा, "त्याला विचारा, माझं आता काही खरं नाही." हळूहळू गॅरेजवर यायचंच बंद केलं. कोपर स्टेशनजवळच्या घरी बसून असायचा. मामी सांगायची, कुकरची शिट्टी समोर वाजली तरी विचारतो, झाली ना गं? रस्ता ओलांडताना तिचा हात धरायला लागलेला. आणि मी? माझा कान पक्का म्हणून माझं नाव झालं. त्या जीपवाल्यानेच केलं.

पाच वर्षं. दर रविवारी मी त्याच्या शेजारी बसून जेवत होतो.

गेल्या वर्षी त्याला कल्याणला दवाखान्यात ठेवलेलं. एका दुपारी मामी चहा आणायला खाली गेली, आम्ही दोघंच उरलो. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्या जीपचं मला कसं चुकलं रे?"

म्हणजे इतकी वर्षं तो तेच घोळवत होता. मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली. म्हणालो, "वय झालं की होतं असं, मामा."

त्याने मान हलवली. पटलं त्याला. चार दिवसांनी तो गेला.