मुंबई की मद्रास

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की सत्तरच्या दशकातली नागपूरची एक दुपार आठवते. आमच्याकडे कूलर नव्हता, कारण दमट हवेनं आईचा दमा उसळायचा. बाबांना बढती मिळाली होती. मुंबई की मद्रास, ते संध्याकाळपर्यंत ऑफिसात कळवायचं होतं. "मुंबईत चार महिने पाऊस. मद्रासले पाऊस कमी, पण घाम बाराही महिने," बाबा तिसऱ्यांदा सांगत होते. आईचा आवाज चढला. "दोन्हीकडं समुद्रच हाय ना? मी कुठं गुदमरू, हे मलेच काहून विचारून राहिले?" मी वही घेऊन दारात उभा होतो. बाबांनी माझ्या वहीचं पान फाडून नकार लिहिला आणि भर उन्हात सायकल काढली. बढती पुन्हा आली नाही. आई ऐंशी ओलांडून गेली. त्या पानाबद्दल बाबांना काही विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.