उजवा हात रिकामा

लासुर्ण्याची फरजाना मणेर लग्नघरी बांगड्या भरायला बसली की हातांबरोबर तिचं तोंडही चालतं. पूर्वी जावा-नणंदांच्या उखाळ्यापाखाळ्या निघायच्या. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झाल्यापासून ती बायांच्या पोटाची चौकशी करते. गेलेले केस कुरळे होऊन परत आले, त्याचाही तिला केवढा तोरा! तपासण्या अजून चालू आहेत, पण धंदा तिनं सोडला नाही. बांगड्या भरताना बाई हात सोडवून पळत नाही, हे तिनं बरोबर हेरलंय.

निरवांगीच्या सिंधुबाईंच्या नातीचं लग्न होतं. सिंधुबाईंचा डावा हात भरता भरता फरजानानं विचारलं, "मावशी, पोट लई फुगलंय वं?"

"वात हाय गं. दोन घास खाल्लं की पोट तटतं. ओवा खाते की रोज."

"कवापासनं?"

"झालं असतील दोन-तीन महिनं."

फरजानानं हातातली बांगडी खाली ठेवली. ईद होऊ दे, उरूस होऊ दे म्हणत तिनंही असाच ओवा चघळला होता. "उद्याच बारामतीला जावा. सोनोग्राफी करा."

"लगीन उरकू दे की."

"मग दुसरा हात बी तवाच भरू." तिनं बांगड्यांची पेटी मिटली.

बाया हबकल्या. एकच हात भरून उठणं म्हणजे अशुभच. थोरली सून राजलक्ष्मी कडाडली, "भाभी, शुभकार्यात ही कसली थट्टा?" या घरचं गिऱ्हाईक कायमचं तुटणार, हे फरजानाला दिसत होतं. पण तिनं पेटी काही उघडली नाही.

सिंधुबाईंनी तिला नाही नाही ते बोलून घेतलं. पण नातीच्या मांडवात एक हात रिकामा घेऊन कसं मिरवायचं? सकाळीच त्या मुलाला घेऊन बारामतीला गेल्या. अंडाशयावर गाठ निघाली. त्या संध्याकाळी फरजानानं उजवा हात भरला.

लग्नानंतर लगेच ऑपरेशन झालं. कॅन्सरच होता, पण पसरलेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बायका फार उशिरा येतात. तुम्ही कशा काय वेळेत आलात?"

सिंधुबाईंनी खाटेजवळ बसलेल्या फरजानाकडं बोट केलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा ठसक्यात म्हणाल्या, "आमची बांगडीवाली लई खट हाय!"