कठड्याचे खांब आणि कॉफीचा डबरा

शोळिंगनल्लूरच्या आमच्या घरात जिन्याच्या माथ्यावर कठडा बसायचा होता आणि माझी लेक नुकतीच रांगू लागली होती. दिसेल त्या फटीत घुसणारी कार्टी. त्यामुळे दोन खांबांमधून तिचं अंग जाता कामा नये, एवढंच माझं मागणं. सासूबाईंना मात्र पोटाशी गोल, मानेशी बारीक असे कातीव सागवानी खांब हवे होते. तंजावरला त्यांच्या माहेरी तसेच होते म्हणे. हौसेला मोल नसतं. शिवाय गणिताच्या निवृत्त शिक्षिकेशी वाद घालायला मी नाशिकहून आले नव्हते.

फट चार इंचांच्या आत हवी, हे ठरलेलंच होतं. सुताराने पहिले काही खांब बसवल्यावर मी टेप लावली. फट साडेतीन इंच भरली. सुतार खूश, मी खूश. खांबही असे देखणे की मी मनातल्या मनात सासूबाईंच्या आवडीला दाद दिली.

त्या आल्या त्या हातात कॉफीचा डबरा घेऊन. डबरा म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी. "हा बरोबर चार इंची," म्हणाल्या आणि फरशीवर बसल्या. खांबांच्या पोटाशी डबरा अडला. मग त्यांनी तो खाली नेला, जिथे मान बारीक होते आणि रांगतं पोर येऊन टेकतं. डबरा अलगद पलीकडे गेला आणि पायऱ्यांवरून खणखणत खाली पोहोचला.

सासूबाई थोडा वेळ त्या सागवानावरून हात फिरवत राहिल्या. मग सुताराला तमिळमध्ये म्हणाल्या, हे काढा, सरळ चौकोनी बसवा.

"अम्मा, तुमच्या किती मनात होतं," मी म्हणाले. "हेच जरा जवळ जवळ बसवू ना."

"नक्को. एका खांबाला दोन मापं, त्याचा भरवसा काय? माझं मन चार दिवस कुरकुरेल, कन्नू." लाडाने त्या मला असंच म्हणतात. "हिचं धड गेलं आणि डोकं अडकलं, तर कोण काय करणार?"

इतक्या वर्षांची हौस इतक्या सहज सोडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता लेक त्या सरळ खांबांना धरून उभी राहते. पाहुणे म्हणतात, हा काय बँकेचा पिंजरा, सुनेची निवड वाटतं? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगतात, "नाही, माझी."